व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट लागतं

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. मुंबई विमानतळ, टर्मिनल दोन. मला मनिलाला जायचं होतं, वाटेत एक विमान बदलून. बॅग पट्ट्यावर चढवली, वजन बरोबर साडेएकोणीस किलो भरलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट चाळत विचारलं, "सर, रिटर्न तिकीट?"

"ते तिकडे गेल्यावर काढणार. आपल्याला व्हिसा लागत नाही ना आता."

"व्हिसा नाही लागत सर. तिकीट लागतं."

बॅग पट्ट्यावरून परत खाली आली. मी बाजूच्या खांबाला टेकून मोबाइलवर तिकीट शोधायला लागलो. तिकीट सापडलं, पण कार्ड चालेना. दुसरं कार्ड काढलं, तर त्याचा ओटीपी येईना. शेवटी ठाण्याच्या चुलतभावाला झोपेतून उठवलं आणि त्याच्या कार्डावर मनिला ते क्वालालंपूर असं मिळेल ते तिकीट घेतलं. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. त्या रात्री नेमकं काय काय चुकलं ते मी नंतर नीट बसून समजून घेतलं. पहिल्यांदाच बिनव्हिशाच्या देशात निघालेल्यांसाठी ते इथं क्रमानं लिहितो आहे.

आधी हे समजून घ्या: विचारतं कोण आणि का

बहुतेकांना वाटतं की हा प्रश्न परदेशातला इमिग्रेशन अधिकारी विचारेल. तो विचारूही शकतो. पण खरी अडवणूक होते ती आपल्याच विमानतळावर, विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर.

कारण सरळ आहे. व्हिसा काढून जाता तेव्हा वकिलातीनं तुमचं बँक स्टेटमेंट, नोकरी, तिकीट सगळं आधीच बघितलेलं असतं. व्हिसाच नसेल तर तुमचे कागद पहिल्यांदा बघणारा माणूस म्हणजे चेक-इनवाला. समोरच्या देशानं तुम्हाला आत घेतलं नाही, तर तुम्हाला परत आणायची जबाबदारी ज्या कंपनीनं नेलं तिच्यावरच येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. शिवाय बऱ्याच देशांत कंपनीला दंड बसतो तो वेगळा. असा परत पाठवलेला प्रवासी विमानवाल्यांच्या बोलीत 'इनॅड' म्हणून ओळखला जातो, आणि कुठल्याच कंपनीला तो नको असतो.

म्हणून काउंटरवरची व्यक्ती तुमचं नागरिकत्व, जाण्याचं ठिकाण आणि मुक्कामाचे दिवस पाहून संगणकावर नियम तपासते. 'टिमॅटिक' नावाची एक यादी आहे, आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची. कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते तिच्यात असतं. तिथं 'परतीचं किंवा पुढचं तिकीट आवश्यक' असं लिहिलेलं असेल, तर समोरच्या मुलीच्या हातात फारसं काही उरत नाही. "माझा मित्र गेल्याच महिन्यात असाच गेला" हे वाक्य तिनं त्या दिवशी चार वेळा ऐकलेलं असतं. मित्र खोटं बोलत नसेल. त्याला कुणी विचारलं नसेल एवढंच.

पहिली पायरी: जिथं जाताय त्या देशाचा नियम काय

नेपाळपासून सुरुवात करू, कारण तिथं यातलं काहीच नाही. भारत आणि नेपाळ यांच्यातला १९५० चा करार आहे, व्हिसा नाही, दिवसांची मर्यादा नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घेऊन चाला. नेपाळ करून आलेल्या माणसाला वाटतं सगळीकडे असंच असेल, आणि पुढच्या वर्षी तो बँकॉकच्या काउंटरवर अडकतो.

फिलिपीन्स हा या बाबतीत सगळ्यात कडक देशांपैकी एक. ८ जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना तिथं १४ दिवस व्हिशाशिवाय राहता येतं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन (म्हणजे एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश), सिंगापूर किंवा ब्रिटन यांचा चालू व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना असेल तर ३० दिवस. पण अटी स्पष्ट आहेत: परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग, खर्चाला पैसे असल्याचा पुरावा आणि किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट. हे १४ दिवस वाढवून मिळत नाहीत, त्यामुळे तिकिटाची तारीख इथं फार बारकाईनं पाहिली जाते.

मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामाफी दिली आणि पुढे ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. इथंही परतीचं तिकीट, पैसे आणि राहण्याचा पत्ता लागतो. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये भारतासह ९३ देशांना ६० दिवस दिले. थायलंडमधले दिवस सरकारच्या मनाप्रमाणे कमीजास्त होत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात आकडा पुन्हा बघा. तिथं माणशी २०,००० बाथ जवळ असल्याचं दाखवावं लागू शकतं. मॉरिशसला आपल्यापैकी अनेकांची जुनी नाती आहेत, तिथला मराठी समाज गणपती धुमधडाक्यात बसवतो. तरी विमानतळावर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता चुकत नाही.

नियम कुठे बघायचा? त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीचं किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचं संकेतस्थळ, आणि ज्या कंपनीनं जाताय तिचं 'प्रवासाची कागदपत्रं' हे पान. दोन्ही बघा. व्हिडिओ करणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांचा व्हिडिओ नियम बदलायच्या आधीचा असू शकतो आणि लाइक मात्र आजही वाढत असतात.

दुसरी पायरी: दिवस मोजा, बोटांवर

हसू नका. सगळ्यात जास्त माणसं इथं चुकतात.

उतरलेला दिवस पहिला धरा. समजा मनिलाला ३ तारखेला उतरलात. ३ हा पहिला, तर १६ हा चौदावा. परतीचं तिकीट १७ तारखेला रात्री साडेबाराचं घेतलंत, तर तुम्ही म्हणाल, "अहो, मी तर १६ च्या रात्रीच इमिग्रेशन ओलांडणार." म्हणणं बरोबर आहे, पण तिकिटावर १७ छापलेलं दिसतं आणि काउंटरवर वाद कुणी घालायचा? १५ चं घ्या. एक दिवस हातचा ठेवला तर विमान रद्द झालं तरी तुम्ही मुदतीत राहता, आणि फिलिपीन्समध्ये वादळं येतात तेव्हा विमानं रद्द होतातच.

जाताना उलटा गोंधळ होतो. मुंबईहून सुटणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतरची आहेत. १२ तारखेचं ००:४० चं विमान म्हणजे ११ च्या संध्याकाळी घरून निघायचं. माझ्या ओळखीचं एक कुटुंब १२ च्या रात्री जेवूनखाऊन, नारळ फोडून विमानतळावर पोचलं. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं.

तिसरी पायरी: चालणारं तिकीट कसं असतं

परतीचं म्हणजे भारतातच यायला हवं असं नाही. त्या देशातून बाहेर पडणारं कुठलंही पक्कं तिकीट चालतं. वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या पीएनआरचं असलं तरी चालतं. पण त्यात तीन खाचखळगे आहेत.

एक, पुढच्या देशात तुम्हाला प्रवेश असला पाहिजे. मनिलाहून सिंगापूरचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेतलंत आणि सिंगापूरचा व्हिसा नाही, तर ते तिकीट काउंटरवर कुचकामी ठरू शकतं. हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची चिठ्ठी सोबत ठेवावी लागते. ती नसेल तर तिथलंही तिकीट दाखवून उपयोग नाही. मलेशिया सोपा, म्हणून मी त्या रात्री घाईत क्वालालंपूर निवडलं ते नशिबानं बरोबर ठरलं.

दोन, नाव. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. जाण्याच्या तिकिटावर 'सुनीता रमेश जाधव' आणि येण्याच्या तिकिटावर नुसतं 'सुनीता जाधव' असं झालं की कटकट सुरू होते. बहुतेक वेळा सुटतं, पण सुपरवायझर येईपर्यंत घाम फुटतो. दोन्ही तिकिटं काढताना पासपोर्ट समोर उघडून ठेवा आणि अक्षर न् अक्षर तेच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर हे दोनदा तपासावं.

तीन, तिकीट खरोखर निघालेलं असावं. पीएनआर हा सहा अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो नुसत्या राखून ठेवलेल्या जागेलाही मिळतो. पैसे भरून तिकीट निघालं की बहुतेक मोठ्या कंपन्या तेरा आकडी तिकीट क्रमांक देतात. काही स्वस्त कंपन्या फक्त पीएनआर देतात, तिथं 'कन्फर्म्ड' आणि भरलेली रक्कम दिसते का ते बघा.

थायलंडहून मलेशियाला रेल्वेनं किंवा बसनं जाणार असाल तर थोडं वेगळं आहे. बँकॉकहून हाट याय, तिथून पडांग बेसारची सीमा ओलांडून पुढे असा छान मार्ग आहे, आणि मी तो कुणालाही सुचवेन. पण विमान कंपनी रेल्वे-बसचं तिकीट मान्य करेलच असं नाही. निघायच्या आधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा आणि ते छापून घ्या. उत्तर आलं नाही तर एक स्वस्त विमान तिकीट काढून मोकळे व्हा.

चौथी पायरी: परतीची तारीखच ठरली नसेल तर

बरेचजण एकेरी तिकीट काढतात ते पैसे वाचवायला. आधी जाऊन-येऊन असं एकत्र तिकीट बघा तरी. कितीतरी मार्गांवर ते दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं, आणि तारीख बदलायची सोय असलेलं थोडं महाग तिकीट घेतलं तर हा सगळा लेखच तुमच्यासाठी संपतो.

ते नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे शेजारच्या देशाचं सगळ्यात स्वस्त तिकीट. बँकॉक ते क्वालालंपूर हे आधी काढलं तर पुण्यातल्या एका बऱ्या जेवणाच्या खर्चात कधीकधी बसतं. वापरलं तर उत्तम, नाही वापरलं तर तेवढं नुकसान.

तिसरा मार्ग पूर्ण परतावा मिळणाऱ्या तिकिटाचा. इथं बारीक अक्षरं वाचा. 'रिफंडेबल' लिहिलेलं असतं, पण पैसे खात्यात येतात की त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा राहतात, हे वेगळं लिहिलेलं असतं. मधल्या बुकिंग साइटचं सेवाशुल्क सहसा परत मिळत नाही. परतावा यायला दिवस लागतात, तोवर क्रेडिट कार्डाचं बिल दारात येऊन उभं राहतं. शक्यतो थेट विमान कंपनीच्या साइटवरून काढा. रद्द करताना मधला माणूस नसलेला बरा.

आणि मग 'डमी तिकीट'. चारपाचशे रुपयांत मिळतं म्हणून जाहिराती दिसतात. त्यातले काही खरोखर एखादी जागा दोन दिवसांसाठी राखून पीएनआर देतात. ती जागा तुम्ही काउंटरवर पोचायच्या आधीच सुटली, तर पीएनआर टाकल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही. काही महाभाग तर नुसतं जुनं तिकीट घेऊन नाव-तारीख बदलून देतात. तो सरळ बनावट कागद आहे, आणि तो खरा म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे, पकडला गेलात तर विकणारा नव्हे, तुम्ही पकडले जाता. माझं मत विचाराल तर या वाटेला जाऊच नका. सुट्टीसाठी लाखभर खर्च करायचा आणि पाचशे रुपयांच्या कागदावर ती टांगायची, हे गणित मला कधी कळलेलं नाही.

पाचवी पायरी: कार्ड आणि कागद

माझं कार्ड त्या रात्री का चाललं नाही? कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून चालू करायचे असतात. परदेशी विमान कंपनीच्या साइटवर पैसे भरणं म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवहार, मग तुम्ही अंधेरीत का उभे असाना. घरूनच चालू करा, मर्यादा पुरेशी ठेवा, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम त्याच फोनमध्ये असू द्या. माझं सिम जुन्या फोनमध्ये, तो फोन घरी, टेबलावर, चार्जिंगला.

मग गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे जा. पुढच्या प्रवासाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि त्या देशाचा डिजिटल अर्ज. फिलिपीन्सचा 'ई-ट्रॅव्हल', मलेशियाचा आणि थायलंडचा डिजिटल आगमन अर्ज हे तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असतात आणि तिन्ही फुकट आहेत. शोधल्यावर वरती पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तिकीट सगळ्यात वर. मोबाइलमध्ये पीडीएफ असतातच, पण काउंटरवर चौघांचे पासपोर्ट, रडणारं पोर आणि अकरा टक्के बॅटरी असताना कागदासारखं दुसरं काही नाही.

सहावी पायरी: काउंटर आणि आपलं इमिग्रेशन

विमानाच्या तीन तास आधी पोचा. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, आणि तिकीट काढायची वेळ आलीच तर तो वेळ लागतो. ऑनलाइन चेक-इन झालं तरी बऱ्याचदा बोर्डिंग पासवर 'कागदपत्रं तपासून घ्या' असं येतं. म्हणजे काउंटर चुकत नाही.

प्रश्न विचारला की उत्तर एका वाक्यात द्या आणि तिकीट पुढे करा. "पंधरा तारखेला क्वालालंपूर, तिथून एकवीसला मुंबई." बास. प्लॅनची गोष्ट सांगत बसू नका. कागद असूनही नकार मिळाला तर आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायला सांगा आणि कुठला नियम आड येतोय तो पडद्यावर दाखवायची विनंती करा.

पुढे आपलं भारतीय इमिग्रेशन. पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', असा शेरा असलेल्यांनी इथं नीट लक्ष द्या. दहावी न झालेल्या अनेकांच्या पासपोर्टवर तो असतो. सरकारच्या यादीत असे १८ देश आहेत जिथं ईसीआरवाल्यांना नोकरीसाठी जायला परवानगी लागते, आणि थायलंड, मलेशिया दोन्ही त्या यादीत आहेत. फिरायला जाताना ती परवानगी लागत नाही, पण परतीचं तिकीट मात्र दाखवावं लागतं. इथं पुढच्या तिसऱ्याच देशाचं तिकीट पुढे करू नका. भारतात परत येणारं हवं. काकांना, गाडी चालवणाऱ्या भावाला सोबत नेताय तर त्यांचा पासपोर्ट आधी उघडून बघा.

एकट्या तरुण मुलांना हल्ली थायलंडला जाताना इथं जास्त प्रश्न विचारले जातात. त्यालाही कारण आहे. नोकरीच्या आमिषानं बँकॉकला नेऊन तिथून सीमेवरच्या माए सोत गावामार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोरं पोचवली गेली. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तेव्हा अधिकाऱ्यानं "कुणी तिकीट काढून दिलं? हॉटेल कुठलं?" असं विचारलं तर राग धरू नका.

तिकडे पोचल्यावर

तिथल्या इमिग्रेशनला बहुतेकदा तिकीट कुणी मागत नाही. पण शिक्का बसेपर्यंत फोल्डर हातातच ठेवा, खालच्या बॅगेत नको. शिक्क्यावरची शेवटची तारीख तिथंच उभं राहून वाचा. चुकीची वाटली तर तिथंच सांगा.

बेत बदलला आणि तिकीट रद्द करायचं ठरलं तर आधी दुसरं काढा, मग पहिलं रद्द करा. मुदत ओलांडू नका. थायलंडमध्ये जास्तीच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाथ दंड आहे, कमाल २०,००० पर्यंत, आणि नोंद राहते ती वेगळीच.

मी ते घाईत काढलेलं क्वालालंपूरचं तिकीट शेवटी वापरलंच. मनिलाच्या काउंटरवर बॅग ठेवली आणि समोरच्या बाईनं पासपोर्ट बघून विचारलं, मलेशियातून पुढे कुठे? मी फोल्डर उघडून क्वालालंपूर ते मुंबईचं छापील तिकीट तिच्यापुढे ठेवलं. तिनं मान डोलावली, मग वजनकाट्याकडे बोट दाखवलं. बावीस किलो. वाळवलेल्या आंब्याची पाकिटं जरा जास्तच घेतली होती.